एम २५ म्हणजे नेमके किती?

दीडशे मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा हा ठोकळा, ज्याला साइटवर सगळे जण क्यूब म्हणतात, साच्यातून काढल्यापासून पाण्यात बुडवून ठेवलेला होता आणि आज, २८व्या दिवशी, तो दाबयंत्रात ठेवला आहे. समजा, पहिला क्यूब ३३ मेगापास्कल (दाबाचे एकक) इतक्या दाबाला फुटला, दुसरा ३०ला आणि तिसरा ३५ला. मिश्रण एकच, पाणी तेच, साचे भरणारे हातही तेच. मग या काँक्रीटची खरी ताकद कोणती समजायची?

काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक ४५६चे उत्तर असे की, 'एम २५' या काँक्रीटच्या प्रतीच्या नावातला २५ (मेगापास्कल) हा आकडा सरासरी नव्हे आणि किमान मर्यादाही नव्हे. चाचण्यांचे शंभरातले पाचपेक्षा अधिक निकाल ज्याच्या खाली जाणार नाहीत अशी अपेक्षा असते, तो हा आकडा आहे. म्हणूनच मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटमधल्या घटकांचे प्रमाण ठरवण्याचे काम, करताना २५वर नेम धरून चालत नाही. या प्रतीसाठी मानकाने गृहीत धरलेले प्रमाणित विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, ४ मेगापास्कल आहे, त्याला १.६५ने गुणून आलेले ६.६ मिळवले की लक्ष्य ठरते ३१.६. हा १.६५ घंटाकृती वक्राच्या (बहुतेक निकाल सरासरीजवळ आणि थोडे दूर, असे दाखवणाऱ्या आलेखाच्या) कोष्टकातून आलेला आहे. देखरेख ढिली असेल, तर हे मानक प्रमाणित विचलन १ने वाढवायला सांगते आणि लक्ष्य ३३.२५वर जाते. साइटवरच्या अनिश्चिततेची किंमत अशी थेट सिमेंटच्या गोण्यांत मोजता येते.

ही झाली ताकदीची बाजू. भाराची बाजू याहून बेभरवशाची. मुंबईसाठी वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकातला वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे आणि त्याचा पुनरावृत्तिकाल ५० वर्षे धरलेला आहे. हा वेग पन्नास वर्षांतून एकदाच येतो, असा याचा अर्थ अनेक जण लावतात. प्रत्यक्षात तो ओलांडला जाण्याची शक्यता दरवर्षी २ टक्के असते, आणि इमारतीच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता ६३ टक्क्यांवर जाते. भारगुणक, म्हणजे हिशेबात भार वाढवून धरण्यासाठीचा आकडा, वापरण्याचे एक कारण हेच आहे.

आता दोन काल्पनिक तुळया घेऊ. दोन्हींची सरासरी क्षमता ४०० एकक, दोन्हींवरचा सरासरी भार २५० एकक. म्हणजे जुन्या पद्धतीने दोन्हींचा सुरक्षा गुणक (क्षमता भागिले भार) १.६. पहिल्या तुळईत क्षमतेचे विचलन ४० आणि भाराचे ३० आहे. दुसरीत ते २४ आणि १८ आहे. सरासरी क्षमता आणि सरासरी भार यांच्यातला फरक, म्हणजे १५०, या दोन विचलनांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागला, की पहिलीसाठी ३ आणि दुसरीसाठी ५ येतात. हाच विश्वासार्हता निर्देशांक. दोन्ही राशींचे वितरण घंटाकृती मानले, तर पहिली तुळई निकामी होण्याची शक्यता साधारण ७४०त एक आणि दुसरीची सुमारे ३५ लाखांत एक येते. गुणक मात्र दोन्हींचा १.६च! हा आकडा इतकी वर्षे किती काही झाकून ठेवत होता, ते यातून दिसते.

अभियांत्रिकी संशोधक अल्फ्रेड फ्रॉइडेन्थाल यांनी १९४७मध्ये संरचनांच्या सुरक्षिततेकडे संभाव्यतेच्या नजरेने पाहायला सुरुवात केली, कॉर्नेल यांनी १९६९मध्ये या निर्देशांकाला रूप दिले आणि हासोफर व लिंड यांनी १९७४मध्ये त्याची व्याख्या अधिक काटेकोर केली. नेहमीच्या इमारतींसाठी युरोपीय संहिता ५० वर्षांच्या कालावधीकरिता या निर्देशांकाचे ३.८चे लक्ष्य धरते. समीकरण हाताने सुटत नसेल, तिथे माँटे कार्लो पद्धतीने संगणकावर लाखो वेळा यदृच्छ भार आणि यदृच्छ ताकद निवडून किती वेळा संरचना हरते, ते मोजतात.

या गणिताला एक गोष्ट मात्र दिसत नाही. क्यूब बहुधा नीट कुटून, जपून भरलेला असतो. स्लॅबच्या कोपऱ्यात व्हायब्रेटर पोहोचलेला नसतो आणि सळ्या पायाखाली दबून खाली गेलेल्या असतात. अशी शंका आली, तर त्याच स्लॅबमधून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, कापून काढावे लागतात. त्यांच्या क्यूब-समतुल्य (क्यूबच्या हिशेबात बदललेल्या) ताकदीची सरासरी त्या प्रतीच्या ताकदीच्या ८५ टक्के तरी भरावी लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेलेला चालत नाही.