सुलिसच्या दारात

मंडळी, नमस्कार.

गेल्या वर्षी सिंधुदुर्गातून आई इकडे आली होती. तिला घेऊन इंग्लंडमधल्या बाथ शहरात गेले. जमिनीतून ४६ अंशांचं पाणी वर येतंय, वाफा निघताहेत, हे बघताच तिनं आधी हात जोडले, मग विचारलं, "हंयची देवी कोण गो?"

देवी आहे सुलिस. रोमन येण्याआधीपासूनची, इथल्या केल्ट लोकांची. रोमनांनी झऱ्याशेजारी देऊळ बांधलं, पण तिला उठवलं नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिची सांगड घातली आणि नाव झालं सुलिस मिनर्व्हा. जागेवालीचं नाव आधी, हे मला फार आवडतं. गोव्यात वारुळातली सातेरी कितीतरी ठिकाणी शांतादुर्गा म्हणून पुजली जाते, तसंच हे.

आई खरी रमली ती शिशा-कथिलाच्या पत्र्यांपाशी. १९७९-८० च्या उत्खननात झऱ्यातून असे सुमारे १३० पत्रे निघाले. त्यांवर लॅटिनमध्ये तक्रारी कोरल्या आहेत, बहुतेक चोरीच्याच. दोकिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. त्याचं मागणं असं, की चोराची मती जावी आणि देवीच्या देवळातच त्याचे डोळे जावेत. दुसऱ्या पत्र्यांवर 'पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र' असं घोळवून लिहिलंय. चोराला निसटायला फट राहू नये, म्हणून.

मंडळी, हे गाऱ्हाणंच आहे! आमच्या गावी मानकरी देवासमोर उभा राहून "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि कुणाला काय व्हावं ते एकेक करून सांगतो. मागून सगळे "होय म्हाराजा" म्हणतात.

यावरून 'सगळं मुळात आपलंच' असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. आपला वेदांमधला देव द्यौष्पिता आणि रोमनांचा देव ज्युपिटर यांचं नातं शब्दांतच दिसतं, ते भाषेच्या एका मुळातून आलेलं आहे. सुलिस आणि सातेरीचं तसं काही नातं नाही. तरीही दोन्हीकडच्या माणसांनी देवीला गावातली वडीलधारी मानलं, हातमोज्यांसारख्या गोष्टीसाठीसुद्धा तिच्या दारात जाता येतं असं मानलं. मला याचंच नवल वाटतं.

दोकिमेदिसचा मजकूर मी आईला मालवणीत सांगितला. ती बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत राहिली.

"मगे गावले काय गो त्येका?"