लाईट उनी!

(दृश्य: चोपडा तालुका. रात्र. केळीची बाग, बांधावर डीपी, म्हणजे आसपासच्या पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.)

या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे पंप चालवणारी वीज, रात्रीची आहे. सालदार खाटेवर पडलाय. मालक गावात झोपलाय. जागा आहे तो विहिरीजवळच्या पेटीतला ऑटोस्विच; वीज आली की तो पंप आपोआप सुरू करतो.

(आवाज: खट्. लगेच पलीकडे खट्. मग एकदम सगळीकडून.)

"लाईट उनी रे!" म्हणजे, लाईट आली.

पाच हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण साडेचार किलोवॅट ओढतो. असे दहा पंप 63 केव्हीएच्या डीपीला जेमतेम झेपतात. पण मोटार उठताना, पहिले काही सेकंद, नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. पूर्वी माणूस चालत जाऊन स्टार्टर दाबायचा. कुणी आधी पोचायचा, कुणी चहा घेऊन. तो उशीरच डीपीला वाचवायचा. ऑटोने तो काढून घेतला. आता दहाही मोटारी एका क्षणी उठू पाहतात, व्होल्टेज बसतं, नुसती घूं घूं होते आणि फ्यूज उडतो.

(दृश्य: भुसावळ. मे महिन्यातली दुपार. खिडक्याखिडक्यांत कूलर.)

विजेची मागणी आधीच ओळखावी लागते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडून प्रत्येकाचा अंदाज बांधतात. एका घराचा अंदाज बांधू गेलात तर फसाल. मिक्सर कधी लागेल, हे त्या घरालाही माहीत नसतं. पण शंभर घरं एकत्र धरा. एकाचा मिक्सर बंद होतो तेव्हा दुसऱ्याचा लागतो, आणि आलेख बराचसा सपाट होतो.

म्हणून छोट्या ग्राहकाचं मॉडेल करताना त्याची सरासरी काढून भागत नाही. सरासरी ग्राहक ना चोपड्यात राहतो, ना भुसावळात. विचारायचं ते हे: यांना एकाच वेळी कोण उठवतं? मिक्सरला कुणी नाही. कूलरला ऊन. पारा पंचेचाळीसवर गेला की साऱ्या गावाचे कूलर एका सुरात लागतात. पंपाला उठवतं फीडरचं, म्हणजे डीपींना वीज आणणाऱ्या लाईनचं, वेळापत्रक. म्हणजे ही गर्दी शेतकऱ्याच्या सवयीची नाही, आपणच घड्याळ लावून जमवलेली आहे. संगणकात प्रत्येक पंपाला वेगळा उशीर देऊन पाहिला, की सुरुवातीचं ते टोक लगेच खाली येतं. एकूण युनिटं तेवढीच, केळीला पाणीही तेवढंच.

(दृश्य: पुन्हा तीच डीपी. पेट्यांत टायमर बसवलेले.)

एकाला एक मिनिट, दुसऱ्याला दोन. शेवटच्याला दहा. पहिलं कोण, यावर पारावर बरीच हुज्जत झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

(आवाज: खट्. शांतता. खट्.)

ठिबकच्या नळीत हवा फुसफुसते, मग पाणी येतं. सालदार कूस बदलतो. दहाव्या पंपाला अजून आठ मिनिटं आहेत.