अर्धी पोलीस गाडी

(दृश्य: इंग्लंड. एम-वन मोटरवेवरचा पादचारी पूल. खाली संध्याकाळची वाहतूक.)

आत्ता पुलाखालून पोलिसांची गाडी गेली. दिसली?

नाही ना. पुन्हा बघू. तोच तुकडा, पण सावकाश. डावीकडची लेन. आधी ट्रक, त्याच्यामागे लाल हॅचबॅक, आणि मग ही. चंदेरी. टपावरची दिव्यांची पट्टी बंद आहे, त्यामुळे लांबून ती सामान बांधायचं कॅरियर वाटते. पुलाजवळ आली की टपावरची मोठी काळी अक्षरं दिसतात. ती हेलिकॉप्टरमधल्या सहकाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. मग गाडी पुलाच्या पलीकडे निघते आणि आपल्याला तिची पाठ दिसते. पाठीवर नंबरप्लेटच्या वर एक छोटासा शब्द आहे, बस्स.

म्हणजे आकाशातून ओळखता येईल अशी सोय आहे. मागून येणाऱ्याचं काय?

(दृश्य: सर्व्हिस एरिया. तीच प्रकारची गाडी, बाजूने.)

आता बाजूने बघा. दारांवर निळ्या-पिवळ्या चौकोनांची एकच ओळ. हिला इथे हाफ बॅटनबर्ग म्हणतात. बाजूने ही गाडी छान ओळखू येते. पण मोटरवेवर गाडीला बाजूने बघतो कोण? शेजारून जाणारा, तोही क्षणभर. बाकी सगळा प्रवास कुणाच्या तरी पाठीकडे बघण्यात जातो.

(दृश्य: काचेच्या पेटीतली टोपी. कॅमेरा हळूहळू पट्टीवर.)

ही चौकडी आधी गाडीवर नव्हती, डोक्यावर होती. पर्सी सिलिटो १९३१ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलीसप्रमुख, झाले. ग्लासगोच्या वस्तरेबाज टोळ्या मोडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव. १९३२ साली त्यांनी आपल्या पोलिसांच्या टोप्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पट्टी आणली. कल्पना नवी नव्हती. स्कॉटिश पलटणींच्या ग्लेनगॅरी टोप्यांवर अशी पट्टी असायचीच. पण पोलीस लांबून ओळखू येऊ लागला. ही पट्टी पुढे ब्रिटनभर पसरली, तिथून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत गेली, आणि आजही तिला ‘सिलिटो टार्टन’ म्हणतात. गंमत अशी की हेच सिलिटो १९४६ मध्ये एमआय-फाइव्ह या गुप्तचर संस्थेचे प्रमुख झाले. पोलीस चटकन दिसावा म्हणून धडपडलेल्या माणसाच्या हाताखाली शेवटी कुणाला दिसू नयेत अशी माणसं आली.

(दृश्य: जुन्या गाड्यांचा मेळावा. पांढरी रोव्हर, बाजूला लाल पट्टा.)

गाड्यांचं आधीचं रूप हे. पांढरी गाडी, मधोमध रुंद लाल पट्टा. लोक हिला जॅम सँडविच म्हणायचे. ज्यांच्या लहानपणी ही गाडी रस्त्यावर होती, ते मेळाव्यात हिच्याभोवतीच घोटाळत असतात. आमचा अर्धा दिवस इथेच गेला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर मोटरवे पोलिसांना नवं रूप हवं होतं. काम गेलं ब्रिटिश गृहखात्याच्या पोलीस वैज्ञानिक विकास शाखेकडे. अटी स्पष्ट होत्या. दिवसाउजेडी ५०० मीटरवरून ओळखू यायला हवी, रात्री हेडलाइटच्या उजेडात २०० मीटरवरून. ताशी ७० मैल हा इथला वेग, म्हणजे सेकंदाला साधारण ३१ मीटर. ५०० मीटर म्हणजे सोळा सेकंद. तेवढ्यात माणूस आरशात बघतो, लेन बदलतो, वेगही कमी करतो. आणखी एक अट मला फार आवडली: गाडी वापरणाऱ्या पोलिसांपैकी किमान ७५ टक्क्यांना तिचं रूप मान्य हवं. लग्नाच्या साडीलासुद्धा घरात इतकी मतं मिळत नाहीत.

(दृश्य: बेकरी. सुरी केकमधून उतरते. आत गुलाबी-पिवळे चौकोन.)

तयार झालेलं रूप या बॅटनबर्ग केकसारखं दिसत होतं. म्हणून नाव पडलं तेच.

पिवळा आणि निळाच का? दिवसा आपल्या डोळ्याला पिवळ्या-हिरव्याच्या आसपासचा रंग सर्वात तेजस्वी वाटतो. दिवस कलला की डोळा निळ्याकडे झुकतो आणि लाल काळवंडतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवलं आहे. तिन्हीसांजेला बागेतली जास्वंद काळपट दिसते, ते हेच. दोन रंग शेजारी असले की उजेड कसाही असो, त्यातला एक तरी पुढे येतो.

(दृश्य: कार्यशाळा. हात, रबरी पट्टी, हीट गन. लांब तुकडा, संगीत.)

गाडीवर हे रंगवत नाहीत, उजेड परतवणारा रंगीत कागद चिकटवतात. आधी पत्रा पुसून पुसून तेलकटपणा घालवायचा. मग साबणाचं पाणी फवारायचं, म्हणजे कागद सरकवून जागेवर आणता येतो. चौकोनाची कड दाराच्या फटीशी जुळली पाहिजे, मिलिमीटरचाही फरक नको. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी आणि हवा काढत न्यायची. चाकाच्या कमानीपाशी कागद रुसतो. तिथे हीट गनने ऊब दिली की मऊ होऊन वळणावर बसतो. हातमोज्यातलं ते बोट बघा, फुगा कसा शोधतंय.

इथे येणाऱ्या गाड्यांना पूर्ण संच लागतो किंवा अर्धा. पूर्ण संचात दोन्ही बाजूंना चौकोनांच्या दोन ओळी आणि पाठीवर लाल-पिवळे तिरपे पट्टे. अर्ध्या संचात बाजूची एक ओळ. अर्धा संच स्वस्त, लवकर होतो. त्यातच पुष्कळ पोलीस दलांनी पांढऱ्याऐवजी चंदेरी गाड्या घ्यायला सुरुवात केली, कारण सेवा संपल्यावर चंदेरी गाडीला बाजारात भाव बरा येतो. कागद सोलला की गाडी विकायला मोकळी. हिशेब चोख आहे. फक्त गाडी नोकरीत असतानाच तिचं निम्मं अंग विक्रीसाठी राखून ठेवलंय असं वाटतं.

(दृश्य: अंधारी खोली. मोबाइलची बॅटरी, कागदाचा तुकडा.)

हा प्रयोग घरी करून बघा. बॅटरी डोळ्याशेजारी धरली की कागद पेटल्यासारखा उजळतो. तीच बॅटरी हात लांब करून बाजूला धरली की कागद पुन्हा मंद, राखाडी. यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात, आणि उजेड जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. ज्याचा हेडलाइट, त्यालाच चमक.

आपल्याकडे याला सरसकट रेडियम म्हणतात. रेडियमचा त्यात कणही नसतो, पण नाक्यावरचा रेडियमवाला रेडियमवालाच राहणार. त्याला विचारा, तो सांगेल: ट्रकला मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी पट्टी. कांदे वाहणारा ट्रक अंधारात मागून कसा दिसावा, याचा नियम आहे. पोलीस मात्र आपल्याकडे राज्यांचा विषय. राज्याची हद्द ओलांडली की पोलीस गाडीचं रूपही बदलतं.

(दृश्य: डॅशकॅम. कॅलिफोर्निया, भर दुपार.)

हे चित्रीकरण आमच्या एका पुणेकर मित्राच्या गाडीतलं. तो तिकडे स्थायिक आहे. पुढची काळी गाडी बघा. टपावर दिवे नाहीत, पाठ कोरी काळी. आता मित्राची गाडी तिला ओलांडते, आणि पांढरं दार दिसतं. हायवे पेट्रोल! त्याच्या तोंडून निघालेला शब्द आम्ही काढून टाकला आहे.

कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की मुख्यतः वाहतुकीचे नियम राखण्यासाठी फिरणारा पोलीस गणवेशात हवा, आणि गाडी वेगळी ओळखू येईल अशा रंगाची हवी. काळं अंग, पांढरी दारं, हा तो रंग. पण दारं तर बाजूलाच असतात. २०२५ मध्ये याच दलाने १०० डॉज डुरँगो आणायला घेतल्या, ‘खास खुणांच्या’, म्हणजे सहजी लक्षात येणार नाहीत अशा. शंभर मैलांच्या वर गाडी हाकणाऱ्यांना गाठण्यासाठी. त्यांचंही खोटं नाही. पूर्ण रंगवलेली गाडी दिसली की सगळे साधुसंत होतात आणि तिची पाठ फिरली की पुन्हा सुरू. पण तीच गाडी अपघातापाशी कडेला उभी राहते, तेव्हा तिला लपायचं नसतं.

(दृश्य: हार्ड शोल्डर, म्हणजे मोटरवेच्या कडेची थांबायची पट्टी. पावसाची रिपरिप. शंकू.)

उभ्या पोलीस गाडीवर मागून गाडी आदळते, दिवे चालू असतानाही. ‘दिसलीच नाही’, असं ड्रायव्हर सांगतो. मार्टिन लँगहॅम आणि ससेक्स विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा अपघातांवर अभ्यास प्रसिद्ध केला. रहदारीच्या दिशेने सरळ उभी केलेली गाडी धोक्याची आहे हे कळायला तिरक्या उभ्या गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तोही अनुभवी ड्रायव्हरांना. सरळ उभी गाडी त्यांना चालती वाटते. तिरकी उभी राहिली की बाजू दिसते, चौकोन दिसतात.

(दृश्य: वापरात नसलेली धावपट्टी. रात्र.)

शेवटचं चित्रीकरण इथलं, परवानगी काढून केलेलं. अर्ध्या खुणांची चंदेरी गाडी सरळ उभी केली आहे, दिवे बंद. आपण मागून येतोय. दोन शंकू ठेवलेत. पहिला २०० मीटरवर, म्हणजे रात्रीसाठी जे अंतर ठरलं होतं तिथे. दुसरा ९६ मीटरवर. ताशी ७० मैलांवर ब्रेक लावायचं मनात आल्यापासून गाडी थांबेपर्यंत इंग्लंडचं हायवे कोड हे रस्त्याच्या नियमांचं पुस्तक एवढं अंतर धरतं.

हा २०० चा शंकू गेला. मागची पिवळी नंबरप्लेट चमकतेय, दोन लाल ठिपके चमकतायत. कुठल्याही गाडीचे असतात तसे.

आता मी बोलत नाही. ९६ चा शंकू येईपर्यंत बघा.

(निवेदन थांबते. फक्त टायरचा आवाज.)