पाठवणारा कोण होता?

१९ मार्च २०१६. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल येतो. युक्रेनमधून कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरून पाहिला, ताबडतोब बदला. खाली निळं बटण. पाठवणारा, दिसायला तरी, गूगल.

ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव टाकता येतं. १९८२ साली एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवण्याचे नियम, ठरले, तेव्हा नावाची खातरजमा करायची सोयच त्यात नव्हती. म्हणून तपास करणारे नाव सोडून हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी प्रवासाची नोंद, उघडतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर त्यात आपली 'रिसीव्हड' ओळ वर चढवतो, त्यामुळे वाचायचं खालून वर. भरवसा मात्र आपल्याच सर्व्हरने लावलेल्या ओळींचा; खालच्या बनावट असू शकतात. आणि बऱ्याचदा ही वाट कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरपाशी संपते.

इथे धागा मिळाला तो बटणात. त्यामागे बिटली या लिंक छोट्या करून देणाऱ्या सेवेची लिंक होती. ती उलगडली की लांबलचक पत्ता, आणि त्यात अक्षरं-आकड्यांची एक अगम्य माळ. दिसायला सांकेतिक, पण ते साधं बेस-६४, म्हणजे मजकूर ठरावीक अक्षरा-आकड्यांत लिहायची पद्धत, कोणालाही उलटवता येणारी. उलटवलं, तर आत पोडेस्टांचाच ईमेल पत्ता! गळ कोणासाठी टाकलाय, ते टाकणाऱ्यानेच लिहून ठेवलेलं. त्या लिंकवर दोनदा क्लिक झालं होतं, हेही बिटलीवर उघड दिसत होतं.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. हॅकरांची बिटलीवरची खाती खासगी करायची राहूनच गेली. सिक्युअरवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्यातून हजारो लिंक मिळाल्या. सावज कोण? डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं, पत्रकार, युक्रेनमधले अधिकारी, रशियन सरकारचे टीकाकार. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुढे अशा १९ हजार लिंकच्या वेळा तपासल्या. ९५ टक्के लिंक सोमवार ते शुक्रवार, मॉस्कोच्या सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्ये बनलेल्या. हॅकर म्हणजे रात्री जागणारा भुताळी प्राणी, असं आपल्याला वाटतं. हे तर शनिवार-रविवारची सुट्टी घेणारे नोकरदार निघाले.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने जीआरयू या रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. पोडेस्टांना तो मेल पाठवल्याचा आरोप युनिट २६१६५ मधल्या अलेक्सेय लुकाशेववर आहे. रशियाने हात झटकले. बारापैकी एकही जण अजून अमेरिकेच्या कोर्टात उभा राहिलेला नाही.