तीन कळफलक, एक म्हापसा

(दृश्य: काळ्या टाइपरायटरचा कळफलक, अगदी जवळून. खिडकीबाहेर पाऊस.)

वरची ओळ वाचून पाहा. एच, सी, ई, एस, ए, आर. क्यू आणि डब्ल्यू तिथे नाहीतच. मशीन रेमिंग्टनचं, म्हणजे अमेरिकन कंपनीचं, पण अक्षरांची मांडणी पोर्तुगीज. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १९३७ साली, पोर्तुगालने ही मांडणी ठरवून दिली. गोवा तेव्हा त्यांच्याच अमलाखाली होता.

हे मशीन मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं. विकणारा म्हणाला, "बाब, कुणीतरी कळा उलट्यासुलट्या बसवल्यात. शोभेला ठेवा." कळा जागच्या जागीच होत्या. ती मांडणी ओळखणारी माणसंच आता कमी उरली आहेत.

(दृश्य: उघडलेलं मशीन, ब्रश, घासलेटची वाटी.)

गोव्यात टाइपरायटर जपणं म्हणजे खाऱ्या हवेशी आणि चार महिन्यांच्या पावसाशी झुंज. पण या मशीनचं खरं नुकसान गंजाने केलं नव्हतं, तेलाने केलं होतं. अक्षरांच्या काड्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात आणि प्रत्येक काडी आपल्या बारीक खाचेत हलते. कळ अडकली की लोक मायेने तिथे तेल सोडतात. तेलावर धूळ बसते, वर्षांनी त्याचा डिंक होतो आणि काडी वर गेली की खाली येत नाही. म्हणून त्या खाचा आधी घासलेटने धुवायच्या, ब्रशने घासायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. आणि मग कोरड्याच ठेवायच्या. मी पहिल्या मशीनला तेल घातलं होतं. ते सगळं पुन्हा धुवावं लागलं, आठवडा गेला.

कॅरेज, म्हणजे कागद धरून बाजूला सरकणारा भाग, ओढणारा पट्टा तुटला होता. त्या जागी गळाची विणलेली दोरी बांधली. मासे पकडायच्या सामानाच्या दुकानात मिळते, बारीक असते, ताण सोसते. स्प्रिंगला बेताचे वेढे दिले, आणि कळ दाबली की कॅरेज एकेक घर सरकू लागलं. रोलरचं रबर मात्र दगडासारखं झालंय. त्यावर अक्षर कागद फाडतं, म्हणून सध्या मागे दोन जादा कागद लावतो. रिबन अर्ध्या इंचाची, आजही मिळते. नवी फीत जुन्याच रिळांवर गुंडाळायची, मूळची रिळं टाकायची नाहीत.

रंग मी दिलेला नाही. पुढच्या कडेला, जिथे टायपिस्टचे तळहात टेकत, तिथला काळा रंग उडून पत्रा दिसतो. तो झाकायला माझा हात धजत नाही. जुन्या मशीनच्या कळा कापून अंगठ्या आणि कफलिंक करतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. एक अक्षर गेलं की ते मशीन मुकं होतं.

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी तीन मशीन.)

एकसष्टच्या डिसेंबरात पोर्तुगीज राजवट संपली, कारभाराची भाषा बदलली, आणि हे मधलं इंग्रजी मशीन कचेऱ्यांमध्ये मुख्य झालं. तिसरं गोदरेजचं, देवनागरी. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला, आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. या देवनागरी कळफलकाची अक्कल मला सगळ्यात भावते. ख, थ, भ, श यांना पूर्ण अक्षराची कळ नाही. अर्धं अक्षर मारायचं आणि काना जोडायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. बोलताना जो क्रम असतो, तो बोटांना विसरावा लागतो.

आता एकच शब्द, म्हापसा, तिन्हींवर मारतो.

(आवाज: कळांचे ठोके. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

इंग्रजीवर सहा ठोके. स्पेलिंग असं, की बाहेरचे लोक त्याचं "मापुसा" करतात. देवनागरीवर अर्धा म, ह, काना, प, स, काना. इथेही सहाच, पण जसं बोलतो तसं उमटतं. पोर्तुगीज मशीनवर सात. सीच्या खाली शेपटी असलेलं अक्षर आहे, त्याला स्वतंत्र कळ आहे, आणि शेवटच्या एवर तिरकी रेघ हवी. त्या रेघेची कळ दाबली तर कॅरेज हलत नाही, मशीन तिथंच थांबतं. मग ए मारला की तो त्या रेघेखाली बसतो, आणि तेव्हाच कॅरेज पुढे जातं.

रेघेची ती कळ अजून थोडी जड आहे. पाऊस ओसरेपर्यंत हे मशीन लाकडी पेटीत, चाळीस वॉटच्या दिव्याच्या उबेत राहील. मग पुन्हा उघडेन.

(दृश्य: कागदावर एकाखाली एक, तीन म्हापसे. तिसऱ्यातली शाई अजून ओली.)