दहा वर्षांचं लीज, संपता संपत नाही

हा नंदीबैल बघा. मान खाली, मान वर, परत खाली. पंपजॅक म्हणतात याला, जमिनीतून तेल उपसणारं यंत्र, टेक्सासच्या तेलपट्ट्यात रस्त्याने जाताना सारखा दिसतो, आणि यातले बरेचसे इतके म्हातारे झालेत की दिवसाला एखाद-दोन बॅरल तेल निघालं तरी खूप झालं. बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. शेजारी गंजलेली टाकी आणि एक पाटी, त्यावर लीजचं नाव, कंपनीचं नाव. या लीजवर, म्हणजे कंपनीला तेल काढू द्यायच्या करारावर, सही कधीकधी आताच्या मालकाच्या आजोबांची असते.

आपल्याला हे विचित्र वाटेल कारण आपल्याकडे तेल काढायचं लीज सरकारच देतं. अमेरिकेत जमिनीखालचं तेल खाजगी मालकीचं असू शकतं, वरची जमीन विकून टाकायची आणि खालचा हक्क स्वतःकडे ठेवायचा, असंही चालतं. मग तो हक्क मुलांकडे, नातवंडांकडे, वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला एक चौसष्टांश. सातबाऱ्यावर वारसांची रांग लागते ना, अगदी तसंच.

लीजमध्ये मेन वाक्य एकच. अमुक इतकी वर्षं, आणि पुढे जोपर्यंत तेल किंवा गॅस निघतोय तोपर्यंत. सगळी गोम या 'तोपर्यंत'मध्ये आहे. जुन्या कागदात वेगळी अट नसेल तर एका विहिरीच्या जिवावर शेकडो एकर अडकून राहतात, खालचे खोल थरसुद्धा, आणि रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या तेलातला मालकाचा वाटा, तीच जुनी, आठवा हिस्सा. शेजारचा नव्या लीजवर चौथा हिस्सा घेतोय आणि हे जुन्या लीजचे मालक बघत बसलेत.

बरं, तेल टिपूसभर निघून चालत नाही, चालवायचा खर्च वजा जाऊन काहीतरी उरलं पाहिजे. पण उरलं म्हणजे किती, आणि किती महिन्यांचा हिशोब धरायचा? इथे प्रत्येक वकील १९५९ ची क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ केस काढतो. टेक्सासची वाइज काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), ३५० एकर, १९४० चं लीज, गॅसची विहीर. १६ महिन्यांत चालवणाऱ्याचं उत्पन्न ३,२५० डॉलर आणि खर्च ३,४६६, म्हणजे २१६ डॉलरचा तोटा कागदावर दिसतोय. मालक म्हणत होते, लीज संपलं. तरी मालक हरले! टेक्सासचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की थोड्या महिन्यांचा तोटा पुरेसा नाही, एखाद्या शहाण्या माणसाने फायद्याच्या आशेने ही विहीर चालू ठेवली असती का ते बघा, की नुसती जमीन अडवून ठेवायला चालवली जातेय. महिन्यांचा आकडा काही कोर्टाने ठरवून दिला नाही.

पुढे १९८१ मध्ये याच वाइज काउंटीत बार्नेट शेल या खोलवरच्या, गॅस असलेल्या खडकाच्या थरातली पहिली विहीर खोदली गेली, आणि मग सगळ्यांनाच आपापले जुने कागद आठवायला लागले.

आता मालक करतात काय, तर रेलरोड कमिशन या टेक्सासच्या सरकारी संस्थेच्या साइटवर जातात. नावात रेल्वे असली तरी काम तेल-गॅसचं, रेल्वेशी आता काही संबंध उरला नाही. तिथे प्रत्येक लीजचे महिन्याचे आकडे मिळतात, रात्री जेवण झाल्यावर बसून शून्यं शोधायची, म्हणजे तेल न निघालेले महिने. पण तेल किती निघालं ते कळतं, खर्च किती झाला ते मात्र कंपनीच्याच वहीत, आणि सिद्ध करायचं मालकाने. शिवाय लीजमध्ये पळवाटा असतातच, विहीर बंद ठेवून थोडे पैसे भरले की काही काळ लीज टिकतं, किंवा ६०-९० दिवसांत दुरुस्ती सुरू केली की टिकतं. टेक्सासमध्ये तेल कायमचं थांबलं की लीज आपोआप संपतं खरं, पण काउंटी क्लार्ककडच्या रेकॉर्डला तो जुना कागद तसाच पडून, आणि नवी कंपनी तो बघून मागे सरते. म्हणून आधी नोटीस पाठवून रिलीज मागायचं, म्हणजे लीज संपल्याचं कंपनीकडून लिहून घ्यायचं. एक-दोन पानांचा कागद, नोटरी, रेकॉर्डला लावला की झालं. कंपनीने दिला नाही तर कोर्ट.

एवढ्यात पोस्टाने रॉयल्टीचा चेक येतो, कधी पिझ्झाही येणार नाही इतक्या रकमेचा. वकील सांगतो, मला विचारल्याशिवाय बँकेत टाकू नका, उद्या समोरचे म्हणतील की पैसे घेतले म्हणजे लीज मान्य केलं. मग तो चेक किचनच्या ड्रॉवरमध्ये, मागच्या महिन्याच्या चेकवर.