माडीचे मडके आणि बिअरची नळी

मंडळी, माडाखाली वाढलेल्या आपल्या लोकांना आंबण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा. नाही लावला तर पहाटे उतरवलेला रस उन्हे चढेपर्यंत माडी होऊ लागतो. घरी केग, म्हणजे गॅसच्या दाबाखालचे बिअरचे पिंप, ठेवून नळाने बिअर काढणाऱ्यांनी तो चुना लक्षात ठेवावा, कारण नळीच्या स्वच्छतेचे मर्मही अल्कलीतच, म्हणजे चुन्यासारख्या आम्लाच्या उलट पदार्थातच आहे, आणि बहुतेक जण मात्र केग संपला की नळीतून दोन तांबे गरम पाणी सोडून मोकळे होतात.

पाण्याने नळीतली बिअर जाते, थर जात नाही. बिअरमधली प्रथिने, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ आणि यीस्ट नळीला आतून चिकटतात आणि त्या थरात लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस यांसारखे जिवाणू वस्ती करतात. एकाने बिअर आंबट होते, दुसऱ्याने तिला लोण्यासारखा वास येतो. 5 मिलिमीटर व्यासाच्या 3 मीटर नळीत जेमतेम 60 मिलिलिटर बिअर मावते, म्हणजे संध्याकाळच्या पहिल्या ग्लासातले पहिले काही घोट रात्रभर त्या थराला टेकून राहिलेले असतात. त्यातून आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज नुसते कपाट उरते आणि जिवाणूंचे फावते.

अमेरिकेतील बिअर बनवणाऱ्यांची संघटना, ब्रूअर्स असोसिएशन, नळीची धुलाई दर 14 दिवसांनी करायला सांगते, आणि दमट हवेत राहणाऱ्या आपण त्यात सवलत घेऊ नये. आधी गॅस बंद करून दाब सोडावा. मग बिअरच्या नळीसाठीच मिळणारे कॉस्टिकचे, म्हणजे तीव्र अल्कलीचे, द्रावण साधारण 2 टक्के, जुन्या नळीसाठी 3 टक्के करावे, पाणी कोमट घ्यावे, आणि ते नळीत पंपाने 15 मिनिटे फिरवावे किंवा किमान 20 मिनिटे भरून ठेवावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. पहिल्या वेळी मी हे द्रावण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवले आणि पातेले फसफसून काळे पडले, म्हणून प्लास्टिकची बादली घ्या.

त्यानंतर साध्या पाण्याने भरपूर धुवायचे. किती, याची परीक्षा स्वयंपाकघरातच आहे. हळद आणि चुन्याचे कुंकू होते ना, तोच न्याय: हळद लावलेल्या कागदावर नळातून येणाऱ्या पाण्याचा थेंब टाकावा, आणि डाग लालसर उमटला तर अल्कली अजून आत आहे असे समजावे. आम्ल-अल्कली दाखवणारी पीएच पट्टी अधिक नेमकी, पण ती घरात नसते.

कॅल्शियम ऑक्झलेटचा टणक थर, ज्याला बिअरस्टोन म्हणतात, कॉस्टिकला दाद देत नाही. त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्लाचे द्रावण वापरावे, मात्र क्लोरीन असलेल्या कोणत्याही द्रव्याशी त्याची गाठ पडू देऊ नये, विषारी वायू होतो.

राहिला तो नळ, आणि सर्वांत दुर्लक्षित तोच. तिथे हवा लागते, म्हणून व्हिनेगर करणारे जिवाणू तिथे जमतात, आणि आंब्याच्या दिवसांत अढीवरून उठलेली चिलटे ते थेट नळाच्या तोंडाशी आणून पोचवतात. दर धुलाईला नळ पूर्ण उघडून त्याचा प्रत्येक भाग बारीक ब्रशने घासावा, आणि रात्री झाकण लावायला विसरू नये.